मार्चनंतर या

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आई सांगलीतल्या बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "मुलाला अमेरिकेत टॅक्स भरायचाय, व्याजाचा दाखला हवा होता." मुलगी म्हणाली, "काकू, दाखला वर्ष संपल्यावर निघतो. मार्चनंतर या." आईने घरी येऊन मला फोन लावला. "अरे, ती म्हणते वर्ष अजून संपलंच नाही."

इकडे न्यू जर्सीत माझं वर्ष संपून बारा दिवस झाले होते.

त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. भारताचं कराचं वर्ष १ एप्रिलला उघडतं आणि ३१ मार्चला मिटतं. अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर, आणि रिटर्न भरायची तारीख १५ एप्रिल. परदेशी राहणाऱ्या माणसाला वाटतं, आपला त्रास म्हणजे दोन देशांचा कर. कर किती हे सीए सांगतो, सॉफ्टवेअरही सांगतं. खरा घाम निघतो तो कागद जमवताना, कारण भारतातला जवळजवळ प्रत्येक कागद चुकीच्या बारा महिन्यांचा असतो.

हा एप्रिल आपला नव्हेच. १८६७ साली इंग्रज सरकारने स्वतःच्या देशातल्या हिशेबाशी जुळावं म्हणून हिंदुस्थानचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च केलं. त्याआधी ते १ मेला सुरू व्हायचं. आपल्याकडचे व्यापारी मात्र दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्या पूजत राहिले आणि आयकर खातंही ते चालवून घेत होतं. पाडवा ते पाडवा हिशेब ठेवून कर भरता यायचा. करासाठी सगळ्यांना सक्तीने एकच एप्रिल-मार्च लागू झाला तो १९८९ पासून. मधे एल. के. झा समितीने जानेवारी-डिसेंबर वर्ष घ्यावं अशी शिफारस केली होती, ती बासनात गेली. आता १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला. 'असेसमेंट इयर' हा गोंधळात टाकणारा शब्द गेला, सुटसुटीत 'कर वर्ष' आलं. सुरू मात्र एप्रिललाच होतं. (कलमांचे क्रमांकही बदललेत. मी इथे लोकांच्या तोंडी बसलेली जुनी नावंच वापरतोय.)

आता कुणी विचारेल, सांगलीतल्या एफडीच्या व्याजाशी अमेरिकेचं काय देणंघेणं? देणं आहे. अमेरिकेचा नागरिक, ग्रीन कार्डवाला आणि एच-वन-बीवर येऊन ठरावीक दिवस राहिलेला माणूस, तिघांनाही जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. दिवस मोजायची रीत त्रैराशिकासारखी आहे: या वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश, बेरीज १८३ किंवा जास्त आणि यंदाचे किमान ३१. एफ-वन व्हिसावर शिकायला आलेल्या मुलांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस या मोजणीत येत नाहीत, त्यामुळे सहसा त्यांना भारतातलं व्याज दाखवावं लागत नाही. त्यांनी १०४०-एनआर भरायचा आणि कमाई शून्य असली तरी ८८४३ हा फॉर्म पाठवायचा. भारत-अमेरिका कराराच्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शनही मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. कितीतरी मुलं हे न कळल्यामुळे पैसे सोडून देतात.

अमेरिकेतले कागद आपल्या पायाने चालत येतात. नोकरीचा डब्ल्यू-टू ३१ जानेवारीपर्यंत निघावा लागतो, बँकेचा १०९९ तेव्हाच, शेअर दलालाचा फेब्रुवारीत. त्यांच्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. भारतातल्या कागदांना मात्र आणायला जावं लागतं.

त्या जानेवारीत मी आईला पुन्हा बँकेत पाठवणार होतो, पण आमच्या ओळखीच्या एका सीएंनी साधी युक्ती सांगितली. अनिवासी माणसाच्या एनआरओ खात्यावरच्या व्याजातून बँक टीडीएस कापते आणि दर तिमाहीला त्याचा हिशेब सरकारला देते. त्या तिमाही एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीला सुरू होतात. म्हणजे अमेरिकेचं २०२५ हे कॅलेंडर वर्ष भारताच्या २०२४-२५ ची शेवटची तिमाही अधिक २०२५-२६ च्या पहिल्या तीन. शर्टाचं पहिलं बटण चुकलेलं असलं तरी बाकीची ओळीने लागतात. कापलेल्या कराची नोंद असलेल्या २६-एएसची दोन वर्षांची पानं काढायची, तारखा बघून जानेवारी ते डिसेंबरच्या नोंदींवर पेन्सिलीने खूण करायची. ऑक्टोबर ते डिसेंबरचा टीडीएसचा हिशेब बँकेने जानेवारीअखेर द्यायचा असतो आणि फॉर्म सोळा-ए त्यानंतर पंधरा दिवसांत. त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्याला वर्ष हातात येतं आणि १५ एप्रिलला दोन महिने राहतात. 'मार्चनंतर'ची वाट बघायचं कारणच उरत नाही.

ही युक्ती चालते ती जिथे टीडीएस कापला जातो तिथेच. परदेशी कमाईसाठी असलेल्या एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त, म्हणून टीडीएस नाही, म्हणून २६-एएसमध्ये नावही नाही. लोक तिथेच फसतात. भारताने माफ केलेला कर अमेरिकेने माफ केलेला नाही. एनआरईचं व्याज अमेरिकेत पूर्ण करपात्र आहे. पीपीएफचंही तसंच. परदेशी गेल्यावर नवं पीपीएफ उघडता येत नाही, पण जुनं मुदत संपेपर्यंत चालतं, आणि त्याचं व्याज वर्षातून एकदा, ३१ मार्चच्या नोंदीने, खात्यात पडतं. तेव्हा इथे दाखला नाही, साधं स्टेटमेंट मागायचं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. "व्याजाचा दाखला" म्हटलं की बँकेतल्या माणसाच्या मनात एप्रिल-मार्च उगवतो. "स्टेटमेंट, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" म्हटलं की तो तारखा टाइप करतो. शब्द बदलला की कागद बदलतो, हे आईला माझ्याआधी कळलं.

टीडीएसच्या दराची गंमत वेगळीच. एनआरओ ठेवीवर बँक ३० टक्के आणि वर सेस धरून ३१.२ टक्के कापते. १९८९ च्या भारत-अमेरिका करारानुसार व्याजावर भारताने साधारण १५ टक्क्यांपर्यंतच कर घ्यायचा. मग लोक म्हणतात, जाऊ दे, भारतात जास्त कापलं तर अमेरिकेत क्रेडिट मिळेलच की! नाही मिळत. तुमच्यावर कायद्याने जितका कर बसतो तितक्याचंच क्रेडिट अमेरिका देते. करारापेक्षा जास्त कापलेला पैसा हा परत मागण्यासारखा पैसा, आणि तो भारताकडूनच मागायचा. त्यासाठी भारतात रिटर्न भरायचं किंवा बँकेने आधीच कमी कापावा अशी व्यवस्था करायची. ही व्यवस्था म्हणजे टीआरसी, अमेरिकेचे रहिवासी असल्याचा दाखला, आणि सोबत ऑनलाइन भरलेला फॉर्म दहा-एफ.

टीआरसी अमेरिकेचं कर खातं फॉर्म ६१६६ च्या रूपात देतं. नाव फॉर्म, पण आहे पत्र. ते मागायला ८८०२ हा दुसरा फॉर्म भरायचा आणि ८५ डॉलर द्यायचे. पुढच्या वर्षाचा अर्ज १ डिसेंबरच्या आधी घेत नाहीत. उत्तर यायला आठवडे जातात. शिवाय ते पत्र अमेरिकेच्या वर्षाचं आणि बँकेला हवं असतं भारताच्या वर्षाचं. एप्रिल ते मार्च झाकायला कधीकधी दोन वर्षांची दोन पत्रं लागतात. ठेव लहान असेल तर या खटाटोपापेक्षा भारतात रिटर्न भरून परतावा मागणं बरं, असं माझं मत आहे. भरताना लक्षात ठेवायचं की अनिवासी माणसाला 'सहज' म्हणजे आयटीआर-वन चालत नाही, आयटीआर-टू लागतो.

आता आईच्या खात्याकडे येऊ. बाबा गेल्यावर आईने सगळ्या ठेवींवर माझं नाव लावलं, "आयदर ऑर सर्व्हायव्हर". "उद्या मला काही झालं तर तुला खेटे नकोत घालायला." तिच्या दृष्टीने विषय संपला. पण अमेरिकेत एफबार नावाचा प्रकार आहे, १९७० च्या बँक सिक्रसी कायद्यातून आलेला. परदेशातल्या तुमच्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षातल्या एका दिवशी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी प्रत्येक खातं कळवायचं. खातं जॉइंट असेल तर तुमचा वाटा नाही, पूर्ण शिल्लक. पैसा आईचा, कष्ट बाबांचे, नाव माझं, फॉर्मही मीच भरायचा. यात कर एक पैचाही नाही, फक्त माहिती. ती जाते कर खात्याकडे नाही, अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाकडे. पण कळवलं नाही तर दंड मोठा.

किती मोठा, यावर थेट सर्वोच्च न्यायालयात भांडण झालं. अलेक्झांड्रू बिटनर हा रोमानियात जन्मलेला अमेरिकन नागरिक, मायदेशी परतून तिथे धंदा करत होता. २००७ ते २०११ अशी पाच वर्षं त्याचे एफबार वेळेवर गेले नाहीत. सरकारने प्रत्येक वर्षातलं प्रत्येक खातं मोजलं, २७२ नोंदी झाल्या, दर नोंदीला १०,००० डॉलर, एकूण २७ लाख २० हजार डॉलर दंड. बिटनरचं म्हणणं, चुकलेले फॉर्म पाच, तेव्हा दंड पाचाचा. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचं म्हणणं मान्य केलं आणि दंड ५०,००० डॉलरवर आला. मुद्दाम लपवलं नसेल तर दंड फॉर्मागणिक, खात्यागणिक नाही. पतसंस्थेतल्या सतरा ठेव पावत्यांवर नाव असलेल्या माणसाला हा निकाल किती जवळचा वाटतो, ते मी सांगू शकतो.

एफबारसाठी वर्षातली सर्वांत जास्त शिल्लक लागते. बचत खात्याचं पासबुक भरून आणलं की शिलकेच्या रकान्यावरून बोट फिरवून ती सापडते. मोठ्या बँकांचं काम ऑनलाइन भागतं, पण पतसंस्थेत अजून आईलाच जावं लागतं. मुदत संपून एफडी नवी झाली की नंबर बदलतो, आणि जुनी पावती बँक परत घेते. म्हणून पावती देण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा, हा आमच्या घरातला नियम. रुपयांचे डॉलर करायचे ते अमेरिकी अर्थखात्याच्या ३१ डिसेंबरच्या दराने, शिल्लक मे महिन्यातली असली तरी. व्याजाला मात्र वर्षाचा सरासरी दर चालतो. एकाच ठेवीतला रुपया दोन फॉर्मांत दोन भावांनी जातो. पहिल्या वर्षी मला ही माझीच चूक वाटली होती.

लपवून काही उपयोगही नाही. २०१० साली अमेरिकेने फॅटका कायदा केला आणि ९ जुलै २०१५ ला भारताने त्यासाठी करारावर सही केली. भारतातली बँक भारत सरकारला कळवते, सरकार अमेरिकेला. बँका 'फॅटका डिक्लरेशन' मागतात ते यासाठीच. मराठी माणूस त्याला 'फटका' म्हणतो, आणि भारतात म्युच्युअल फंड असतील त्याच्या बाबतीत ते खरंही आहे. अमेरिकेच्या लेखी भारतीय फंड म्हणजे 'पीफिक', परदेशी निष्क्रिय कंपनी. तिथले कराचे नियम इतके जाचक, आणि फंडागणिक फॉर्म ८६२१ इतका किचकट, की सीएची फी फंडाच्या नफ्याहून जास्त होऊ शकते. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेकचं एकत्रित स्टेटमेंट काढून ठेवा, आणि पुढची एसआयपी सुरू करण्याआधी एकदा विचार करा. याहून जास्त मी सांगत नाही.

घराची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती आमच्या घरात घडली आणि त्यात चुकलेला कागद नंतर मिळत नाही. बाबांनी १९९४ साली घेतलेला फ्लॅट त्यांच्यानंतर माझ्या नावावर आला. तो कधी विकला तर नफा किती? भारत म्हणतो, वारशाने मिळालं असेल तर खरेदीची किंमत बाबांची. घेतलेलं २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते, पण त्या तारखेच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त नाही. अमेरिका म्हणते, वडिलांनी कितीला घेतलं त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, ते वारले त्या दिवशीची बाजारकिंमत सांगा. एकाच फ्लॅटच्या दोन जन्मतारखा, एक २००१ ची, एक बाबांच्या मृत्यूची.

भारतासाठी खरेदीखत, इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट लागतं, ते कपाटात होतंच. अमेरिकेसाठी मृत्यूच्या दाखल्याबरोबर त्या तारखेचा मूल्यांकन अहवाल लागतो, आणि तो काढायचं कुणाच्या डोक्यात येणार? तेराव्या दिवशी घरातल्यांना कोण सांगणार की एका सरकारमान्य व्हॅल्युअरला बोलवा? आम्ही चार वर्षांनी बोलावला. त्याने जुने सौदे आणि रेडी रेकनरचे दर धुंडाळून अहवाल दिला, पण त्याच्या बोलण्यात पदोपदी "साधारण" होतं. तेव्हाच केलं असतं तर काम एका भेटीचं होतं.

विकताना आणखी एक खाच आहे. विकणारा अनिवासी असला की खरेदीदाराने टीडीएस नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापायचा असतो. तो कमी व्हावा म्हणून आयकर खात्याकडून आधीच 'लोअर डिडक्शन सर्टिफिकेट' घ्यावं लागतं, आणि त्या अर्जाला खरेदीखतापासून नफ्याच्या आकडेमोडीपर्यंत सगळं जोडावं लागतं. साठेखत करून मग धावपळ करणारे पुष्कळ आहेत. २३ जुलै २०२४ पासून नफ्यावरचा दर साडेबारा टक्के झाला आणि महागाईची सूट गेली. जुन्या घरांसाठी वीस टक्के आणि महागाईची सूट हा पर्याय ठेवला, पण तो निवासी लोकांनाच.

फ्लॅट भाड्याने दिला तर कागदांची उलट मौज. भाड्यातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेचे ३० टक्के भारत न विचारता सोडतो, एकही पावती लागत नाही. अमेरिका रंगाऱ्याची पावती मागते. आमच्या रंगाऱ्याने वहीचं पान फाडून "रंगकाम, सर्व मिळून" एवढंच लिहून दिलं. मी ते पान स्कॅन करून ठेवलंय.

दिवसांचा पुरावाही जपावा लागतो. भारतात १८२ दिवस झाले की माणूस निवासी होतो. भेटीला आलेल्या भारतीय नागरिकाचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२० दिवसांपासूनच काळजी. अमेरिका देश सोडताना शिक्का मारत नाही, भारत दोन्ही वेळा मारतो, म्हणून संपलेला पासपोर्ट रद्दीत घालायचा नाही.

आणि ओटीपी. आधारला जोडलेला माझा भारतातला नंबर आईच्या कपाटातल्या जुन्या फोनमध्ये आहे. रिटर्न भरल्यापासून तीस दिवसांत ते ओटीपीने पडताळावं लागतं, नाहीतर त्याच मुदतीत सही केलेला कागद पोस्टाने बंगळूरला धाडायचा. दर जुलैत आमच्याकडे रात्री साडेअकराला, म्हणजे तिकडे सकाळी नऊला, संवाद होतो. "आई, आला का?" "थांब, चष्मा घेते." आकडे ती एकेक करून वाचते, मी टाइप करतो, आणि मुदत संपलेली असते. "आता पुन्हा मागव." दुसऱ्यांदा जमतं.

गेल्या वर्षी माझा एक मित्र सगळं आवरून पुण्याला परतला. जाताना म्हणाला, सुटलो, आता एकच वर्ष, एप्रिल ते मार्च. परतल्यावर सुरुवातीला दोन-तीन वर्षं सवलतीचा दर्जा मिळतो, पण तो संपला की परदेशातली मालमत्ता भारताच्या रिटर्नमध्ये दाखवावी लागते, शेड्यूल एफएमध्ये. अमेरिकेतल्या ४०१-के या निवृत्ती खात्यावरचा कर पैसे काढेपर्यंत लांबवायचा तर फॉर्म १०-ईईही भरायचा. मी त्याला शेड्यूल एफएचं पान पाठवलं. परदेशातल्या खात्याची वर्षातली सर्वांत जास्त शिल्लक सांगा, असं भारत त्यात विचारतो, आणि वर्ष धरतो जानेवारी ते डिसेंबर.

त्याने ते वाचून फोन केला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "अरे, इथल्या बँकेतल्या बाईंनी मला आत्ताच सांगितलं, मार्चनंतर या."